मावशीपर्यंत किती तास

साडेआठ तास.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शाळेत मी पोरांना कायम उलटं सांगत आलो: आधी रीत दाखवा, उत्तर शेवटी लिहा, गुण रीतीला असतात. आता रीत दाखवतो. तिला गुण मिळतील अशी आशा नाही.

प्रश्न

प्रश्न आईचा. आईची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, तिच्या मुलाकडे परदेशात असते. तिची नजर चालली आहे. हळूहळू जातेय, पण जातेय, आणि परत यायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मावसभावाला सांगितलं. मावसभावाने ते जरा मऊ करून मला सांगितलं. मावशीने मात्र फोनवर आईला सरळच सांगितलं, "धाकटे, एकदा येऊन तोंड दाखवून जा. दिसतंय तोवर. मग काय, आंधळी कोशिंबीर आहेच."

मावशीला स्वतः प्रवासाची मनाई. म्हणजे जायचं ते आईनेच. मी सोबत जाणार हे गृहीत होतं. मी मुलगा, शिवाय भूगोलाचा शिक्षक. मनातल्या मनात मी माझी रजा मंजूरही करून टाकली होती. अडचण एकच.

आई बसत नाही.

तिला बसता येत नाही असं नाही. ती बसत नाही. जेवते ती वाढता वाढता. सिनेमाला गेली की मध्यंतराला घरी येते आणि पुढची गोष्ट आम्ही परतल्यावर आमच्याकडून ऐकते. तिच्या मते आम्ही सांगतो तो शेवट जास्त बरा असतो. दात काढायला नेली होती, तर डॉक्टर सुई भरतोय तेवढ्यात खुर्चीतून उठून तिने त्याच्या बेसिनची गळकी तोटी घट्ट करून दिली. गुडघे सुजलेले, पायांना दुपारनंतर सूज, वय सत्त्याहत्तर. पण दुधाचं पातेलं गॅसवर असलं की ती दर दोन मिनिटांनी उठणार म्हणजे उठणार. आयुष्यात तिने दूध उतू जाऊ दिलेलं नाही, आणि ते ती आम्हाला सांगत असते.

"एका जागी किती वेळ बसावं लागेल ते मला नक्की सांग," आई म्हणाली. "मग जायचं की नाही ते मी सांगते. अंदाजे सांगू नकोस. तुझे अंदाज मला ठाऊक आहेत."

"अगं, मी तीस वर्षं भूगोल शिकवतोय."

"म्हणूनच म्हणते."

सहा तास

शाळेच्या शिक्षकखोलीत जगाचा मोठा नकाशा आहे. मधल्या सुट्टीत मी खिशातून दोरा काढला, आपल्या विमानतळापासून मावशीच्या विमानतळापर्यंत ताणून धरला, मग नकाशाच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीशेजारी ठेवला. आले पाच हजार किलोमीटर आणि चिल्लर. विमानाच्या वेगाने भागलं. सहा तास आणि चिल्लर. इतकं सोपं असताना लोक उगाच चौकशा का करतात, असं मला वाटलं. असं वाटलं की मी सावध व्हायला हवं. पण ती सवय मला उशिरा लागली.

संध्याकाळी घरी दारातूनच जाहीर केलं, "सहा तास!"

"बघू दोरा," बायको म्हणाली. बघितला. "अहो, हे इलॅस्टिक आहे. माझ्या परकराचं."

नकाशावर ते ताणलेलं होतं. मोजपट्टीवर ते ताणलेलं नव्हतं. मधल्या मध्ये मी एक-दोन देश आखडून टाकले होते.

"परकराच्या नाडीवर मी समुद्र ओलांडायचा?" आईने विचारलं. हा प्रश्न पुढे इमारतीत चार मजले फिरला.

दहा तास

दुसऱ्या दिवशी खरा दोरा. आठ हजार किलोमीटर. दहा तास.

आठ तास

मग पृथ्वीगोल. त्यावर दोरा ताणला की तो आपण धरलेल्या रस्त्याने जातच नाही, आपला आपण घसरून वरच्या अंगाला सरकतो आणि तिथे सुखाने बसतो. तिथून मोजलं तर साडेसहा हजार. नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल असते, त्यामुळे नकाशावर लांब दिसणारी वाट खरी जवळची असू शकते, हे वाक्य मी पोरांना तीस वर्षं लिहून देत आलोय. ते खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं. थोडा धक्काच बसला.

"आता आठ," मी आईला म्हणालो.

"काल दहा होते."

"काल पृथ्वी सपाट होती."

 आईने बायकोकडे बघितलं. सासवासुनांचं एरवी ज्या गोष्टींवर पटत नाही त्या खूप आहेत. पटतं त्या एकाच गोष्टीचं नाव मी.

सल्ले

तळमजल्यावर निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. आयुष्यभर हिरवा झेंडा दाखवून लोकांना पाठवलं, स्वतः कुठे गेले नाहीत. त्यामुळे प्रवासाबद्दल त्यांची मतं ताजी आहेत.

"थांबे किती?"

"एकही नाही, मास्तर. थेट."

"थेट? मग पाणी कुठे भरतात?"

"निघतानाच भरतात."

"संपलं तर?"

 विमानाचं राहू द्या, आमच्या इमारतीतलं पाणी संपलं तर काय करायचं हेही मला कधी सांगता आलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र खरोखर जाऊन आलेल्या, लेकीकडे, आणि परत आल्यापासून त्यांच्या बोलण्यात 'आम्ही हवेत होतो तेव्हा' असं येतं. त्या म्हणाल्या, "अहो, तास कसले मोजता? दोन सिनेमे, एक जेवण, एक डुलकी आणि शेजारच्या बाईचं अख्खं आयुष्य. तिला सून चांगली नव्हती."

"पण तास किती, वहिनी?"

"सासूचं सांगायला लागली तेव्हा उतरलो."

चार तास

शेवटी मी तिकीट कचेरीत गेलो. तिकीटवाला तरुण, चटपटीत, बोलताना माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघणारा. त्याने एक कागद छापून दिला. तो मी घरी आणला आणि माझ्याआधी आईने वाचला.

"सकाळी दहाला निघतं, दुपारी दोनला पोचतं. चार तास! एवढं काय अवघड होतं? आणि हे बघ, येताना सकाळी दहाला निघून रात्री दहाला. बारा तास." तिने कागद माझ्यापुढे धरला. "जाताना उतार आहे का रे?"

"चढ असणार," दारात उभे असलेले स्टेशनमास्तर म्हणाले. "येताना चढ. इंजिन दमतं."

मी बटाटा घेतला, विजेरी घेतली, पडदे ओढले. बटाट्यात दोन टाचण्या टोचल्या: ही आपण, ही मावशी. इथे उजाडलं तरी तिथे अजून अंधार, म्हणून मावशीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणून तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. तीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला तास झाला असं मला वाटलं. वर्गात कुणी झोपलं नव्हतं.

"म्हणजे ताई माझ्या मागे?" आई म्हणाली.

"साडेचार तास."

"ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे."

"आई, घड्याळाचा आणि वयाचा..."

"मोठी आहे, ती मागे कशी राहील? लहानपणी कधी मागे राहिली नाही ती. काहीतरी चुकलंय तुझं." तिने बटाटा हातात घेतला, टाचण्या काढून पिनकुशनला लावल्या आणि बटाटा पिशवीत परत टाकला. सूर्यमाला आवरली गेली.

तरी कागदावरचा हिशेब लागला. जाताना साडेआठ तास, येताना साडेसात. हा एक तास वाऱ्याचा. जाताना वारा समोरून, येताना मागून. मी हेही सांगितलं, आणि सांगायला नको होतं.

"म्हणजे वारा वाढला तर नऊ?"

"होऊ शकतात."

"वाऱ्याच्या भरवशावर मी कपडेसुद्धा वाळत घालत नाही," आई म्हणाली. पण त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बघतेय गं. हा मोजतोय अजून." आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. उभ्यानेच.

ये-जा

पुढचा भाग जसा झाला तसाच देतो. मध्ये माझी सायकल आहे, ती वाचणाऱ्याने धरून चालावी.

तिकीटवाला: "पंच्याहत्तरच्या वर, गुडघ्याचा त्रास, चाकाची खुर्ची हवी. डॉक्टरांचं पत्र आणा, मग तिकीट काढतो."

डॉक्टर: "पत्र देतो. किती तासांचा प्रवास? त्यावर ठरतं काय लिहायचं."

मी: "साडेआठ. वारा असेल तर नऊ."

डॉक्टर: "मी 'वारा असेल तर' असं लिहू शकत नाही. नक्की विमान कुठलं ते आणा."

तिकीटवाला: "नक्की विमान तिकीट काढल्यावर कळतं."

मी: "मग काढा तिकीट."

तिकीटवाला: "पत्र?"

डॉक्टर: "तिकीट?"

तिकीटवाला: "पत्र, सर."

डॉक्टर: "अहो, तुम्ही परत आलात?"

तिकीटवाल्याच्या दारातला पहारेकरी आता मला बघून उठून उभा राहायचा. डॉक्टरांच्या बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघांनी मला औषध कंपनीचा माणूस समजून नमुन्याच्या गोळ्या मागितल्या. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटलं. "पत्राचं सोडा हो! त्या बाई माझ्यासमोर रक्तदाब मोजायला धड बसत नाहीत. साडेआठ तास बसणार आहेत का? घरी बसवून बघा एकदा!"

डॉक्टर वैतागून बोलले. मी ते औषधासारखं घेतलं.

सूचना: कृपया पट्टे बांधा

रविवार, सकाळी दहा. जेवणाच्या तीन खुर्च्या खिडकीलगत एका ओळीत. खिडकीशी आई, मध्ये मी, तिसरी बायकोसाठी. पण बायको म्हणाली, "मी विमानतळावर थांबते," आणि स्वयंपाकघरात गेली.

समोरची सीट म्हणून सोफा उलटा करून ओढला. वरच्या वहिनींनी वितीने अंतर मोजलं. "छे! एवढी जागा राजाला नसते. अजून मागे." सोफा माझ्या गुडघ्यांना टेकला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. सोफ्याची एक बाजू बाहेरच्या दारावर आणि दुसरी कपाटाला अडली. कपाटात माझे कपडे. म्हणजे पुढचा सगळा आंतरराष्ट्रीय प्रवास मी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात केला, याची नोंद असावी.

आईला पट्टा म्हणून बायकोच्या जुन्या पर्सचा बंद. मला माझा पँटचा पट्टा, खुर्चीच्या पाठीतून ओवून, बकल मागच्या बाजूला. तो वहिनींनी आवळला. त्या हवाईसुंदरी होत्या; हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि साडीला इस्त्री करून आल्या होत्या. स्टेशनमास्तरांनी सोफ्यापलीकडे उभं राहून शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा हलवला, आणि आम्ही आकाशात झेपावलो.

पहिला तास

"आता आपण समुद्रावर आलो," मी म्हणालो. "डावीकडे वाळवंट लागेल. तिथे पावसाचं प्रमाण..."

"समोरच्या गच्चीवर गादी वाळत घातलीय," आई खिडकीतून बघत म्हणाली. "फाटलीय. तू गप्प बस, मला खाली बघू दे."

"विमानात बोलत नाहीत जास्त," वहिनी चहाचा ट्रे घेऊन म्हणाल्या. "चहा की कॉफी?"

"कॉफी."

"चहाच आहे."

दुसरा तास

दारावरची बेल. स्टेशनमास्तरांनी सोफ्याच्या फटीतून दार जेवढं उघडतं तेवढं उघडलं. वीज मंडळाचा मीटर बघणारा.

"विमान हवेत आहे," मास्तर म्हणाले.

त्या माणसाने आत डोकं घातलं. पायजम्यात खुर्चीला बांधलेला मी, खिडकीत आई, ट्रे घेतलेल्या वहिनी. त्याच्या नोकरीत त्याने बऱ्याच घरांत डोकं घातलं असावं. तो एवढंच म्हणाला, "मीटर कुठाय?"

मीटर कपाटामागे. कपाटापुढे सोफा. सोफा हलवायचा तर विमान उतरवायला लागणार. वहिनी म्हणाल्या, "तिसरी सीट रिकामीच आहे. अनोळखी प्रवासी हवाच, त्याशिवाय खरं वाटत नाही." उन्हातून आलेला माणूस, पंखा वर, चहा समोर. तो सोफ्यावरून चढून आला आणि बसला.

थोड्या वेळाने माझ्या पोटावरून वाकून त्याने विचारलं, "कुठं चाललात, आजी?"

"बहिणीकडे."

"लांब असतात?"

"साडेआठ तास. हा म्हणतो. वारा असेल तर नऊ."

"शेवटच्या कधी भेटलात?"

आईने जरा विचार केला. "तिचा नातू पाळण्यात होता. आता त्याला दाढी आहे. फोटोत बघितली, विरळ आहे." मग म्हणाली, "डोळे जातायत तिचे. तिला माझं तोंड आठवतंय ते तेव्हाचं. नवं बघून घेऊ दे म्हटलं. जुनं बरं होतं, पण ते आता कुठून आणू?"

मीटरवाला हसला. मी हसलो नाही. दोन महिने मी किलोमीटर मोजत होतो, आणि आईने हे मला सांगितलं नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला सांगितलं. वहिनींनी माझ्याकडे बघून 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली.

तिसरा तास आणि मी

मला उठायचं होतं. का, ते विचारू नये. बकल मागे असल्यामुळे मी खुर्चीसकट उठलो आणि खुर्चीसकट न्हाणीघरापर्यंत गेलो. आत बायको कपडे धूत होती.

"आत कुणीतरी आहे!" ती आतून म्हणाली.

"अगं, मी आहे."

"विमानात रांग असते!" हे वहिनी.

परत येऊन बसतो तो पायात गोळा. उभा राहिलो. मग आतल्या खोलीत फोन वाजला, गेलो, चुकीचा नंबर. मग पाठ. मग तहान. मग परत तेच पहिलं कारण. मीटरवाला प्रत्येक वेळी पाय गोळा करून मला जाऊ देत होता, अखेर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कडेला बसता का?" मी नकार दिला. मधली सीट ही माझी जबाबदारी होती.

"आता हवा खराब," वहिनींनी जाहीर केलं. "विमान हलतं इथे." हलवण्याचं काम मास्तरांकडे. त्यांनी आधी आईच्या खुर्चीला अदबीने बोटभर हलवलं. "घाबरू नका, काकू, रूळ बदलतोय." मग माझ्या खुर्चीशी आले आणि चाळीस वर्षं झेंडा हलवलेल्या हातांनी तिला गदागदा हलवलं. खुर्चीचा मागचा पाय सांध्यातून निघाला. मी खुर्चीसकट, पट्ट्यासकट, चहाच्या कपासकट मागे आडवा.

"विमान पडलं का?" आईने खिडकीतून नजर न काढता विचारलं.

"नाही, आजी," मीटरवाला म्हणाला. "फक्त साहेब."

आवाज ऐकून बायको धावत बाहेर आली, आणि मला बकलातून सोडवायला बसली. वहिनी आल्या, मास्तर आले, सगळे माझ्यावर वाकले. पट्टा सुटेना. 'इकडून ओढा', 'तिकडून नको', 'श्वास सोडा'. आणि त्या गडबडीत प्रथम तो आवाज आला. मग वास.

स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं.

सगळे थांबले. सगळ्यांनी आईकडे बघितलं. मीही बघितलं, जमिनीवरून, खुर्ची पाठीला. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर घट्ट झाले. ती अर्धा इंच वर आली. स्वयंपाकघरात भांड्यावरून दूध सरसरत खाली आलं, शेगडीवर चुर्र झालं.

आई परत खाली बसली.

"विमानात दूध उतू जात नसतं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बायको धावली. मी कुणी सोडवायची वाट बघत तसाच पडून राहिलो. आईचा चेहरा मला तिथून अर्धाच दिसत होता. ती खालचा ओठ दातांत धरून गच्चीवरची ती फाटकी गादी बघत होती, आणि मला वाटतं ती गादी बघत नव्हती.

उतरणे

मीटरवाला जेवणाच्या वेळी सोफ्यावरून उडी टाकून गेला. मीटर न बघताच गेला. त्या महिन्याचं बिल अंदाजे आलं. वहिनींना त्यांच्याच वर्णनाप्रमाणे एक डुलकी लागली. मास्तर दुपारभर दारात उभे, कारण गाडी मार्गात असताना बसायचं नाही असा त्यांचा नियम. मी जमिनीवर उशी घेऊन होतो. त्याला कुठल्या वर्गाचा प्रवास म्हणतात, माहीत नाही.

आईने डॉक्टर सांगतात तशा अधूनमधून सोफ्याच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या आणि दर वेळी आपल्या जागेवर जाऊन बसली. स्वतः पट्टा लावला. कुणी सांगायला लागलं नाही. साडेसहाला मास्तरांनी शिट्टी फुंकली. वहिनी दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "सून चांगली नव्हती."

"बसले ना मी?" आई म्हणाली.

"बसलीस."

"मग आता काढ तिकीट." ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून जराशी थांबली. "एक."

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक. विमान मला जमेल. शेजारी तू जमणार नाहीस. तू उठतोस फार."

अपील

मी काय काय म्हणालो ते थोडक्यात. मी म्हणालो की तिथली भाषा वेगळी. ती म्हणाली, चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला भाषा लागत नाही, रस्ता लागतो. मी म्हणालो की काही झालं तर? ती म्हणाली, काही झालं तर तू काय करणार आहेस, बटाटा काढणार? मी म्हणालो की लोक काय म्हणतील, मुलाने म्हाताऱ्या आईला एकटी पाठवली! बायको म्हणाली, "लोक रविवारी इथेच होते. त्यांनी सगळं बघितलंय."

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खरंच बसवलंत?" आणि एका झटक्यात पत्र लिहून दिलं. तिकीटवाल्याने पत्र घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "दोन ना, सर?"

"एक," मी म्हणालो. भूगोल शिकवणाऱ्याला हा एक आकडा फार जड गेला.

विमानतळाच्या दाराशी त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. मी सांगायच्या गोष्टींची मनात उजळणी केली होती: पाय हलवत राहा, पाणी पीत राहा, पोचल्यावर फोन. आई मान वर करून खुर्ची ढकलणाऱ्याला सांगत होती, "डावं चाक वाजतंय बघ, तेल घाल." तो 'हो आजी' म्हणत तिला घेऊन आत गेला. तिने मागे वळून बघितलं नाही. तिच्या मागे खुर्चीची पाठ होती, वळता येत नसेल, असं मी धरून चाललो.

साडेसहा हजार, सहा हजार, पाच हजार नऊशे

हल्ली फोनवर विमान दिसतं. नकाशावर एवढंसं, झुरळाएवढं, पण चालताना दिसत नाही. बघत राहिलं की थांबतं, चहा पिऊन आलं की पुढे गेलेलं असतं. खाली उरलेले किलोमीटर. मी दिवसभर ते उतरताना बघितले. साडेसहा हजारांतला एकेक मला ओळखीचा होता, दोऱ्याने मोजलेला. खाली वाळवंट आलं तेव्हा पावसाचं प्रमाण सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनमास्तर वर आले. "वेळेवर आहे का?"

मावशीच्या विमानतळाच्या अगदी जवळ येऊन ते झुरळ गोल फिरायला लागलं होतं. एक चक्कर. दुसरी. 

"काही नाही," मास्तर माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले. "आउटर सिग्नलला उभी आहे. फलाट मोकळा नसेल." तिसऱ्या चकरेनंतर ते उतरलं. उरलेले किलोमीटर शून्य झाले, आणि पडद्यावरून विमानच नाहीसं झालं. सगळा भूगोल संपला. पुढचं काही दिसत नव्हतं.

अर्धा तास गेला. एक तास. बायको दर थोड्या वेळाने येऊन माझ्या हातातला फोन चालू आहे ना ते बघून जात होती. मी उठत होतो, बसत होतो. मास्तर उभेच.

मग वाजला. मावसभाऊ. "आली, आली, व्यवस्थित! घरी आलो आत्ताच. थांब, देतो तिला." त्याने फोन नेऊन बहुतेक कुठल्यातरी टेबलावर ठेवला, कारण पुढे माझ्याशी कुणी बोललं नाही.

"इकडे ये, उजेडात," मावशीचा आवाज. "अशी नको. खिडकीकडे तोंड कर."

"केलं."

"अगं, जवळ ये की! किती लांब उभी राहतेस. आणखी जवळ. हं." मग, "केवढी म्हातारी झालीस गं, धाकटे!"

"आणि तू? तुझ्या घरी आरसे नाहीत?"

"हनुवटी तीच आहे. चष्मा काढ."

"काढला."

"हल नकोस."

आणि मग काहीच ऐकू येईना. लाइन तुटली म्हणून मी फोन बघितला. तुटली नव्हती, सेकंद पुढे जात होते. बघण्याला आवाज नसतो. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिकडे दोन म्हाताऱ्या, कुणीच हलत नव्हतं.

मास्तरांना राहवेना. "पोचल्या का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तोंडावर बोट ठेवलं.

"अजून पोचतायत," मी म्हणालो.